‘तेल्हाऱ्याचा’ हा शब्द कसा काढावा

अकोला जिल्ह्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या तेल्हारा तालुक्यात वाढणाऱ्या मुलामुलींची ग्राफिक डिझाइनशी, म्हणजे अक्षर, चित्र, रंग आणि कोरी जागा यांच्या मांडणीतून एखादी गोष्ट वाचणाऱ्यापर्यंत पोहोचवण्याच्या कलेशी, पहिली गाठ शाळेतच पडते, फक्त तेव्हा तिला हे नाव नसते. शाळेत तिला ‘एलिमेंटरी’ आणि ‘इंटरमिजिएट’ म्हणतात. कला संचालनालयाच्या या शासकीय रेखाकला परीक्षांत वस्तुचित्र आणि स्मरणचित्र यांच्या जोडीला संकल्पचित्र असते आणि भूमितीबरोबर अक्षरलेखनही असते. संकल्पचित्रात चौकोन, वर्तुळ किंवा तत्सम आकार दिला जातो आणि तो पाने-फुले, पक्षी किंवा भौमितिक आकार यांनी, मोजक्या सपाट रंगांत, तोल सांभाळून भरायचा असतो. दहावीच्या गुणपत्रिकेत इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार सात, पाच किंवा तीन वाढीव गुण मिळतात म्हणून अनेक मुले या परीक्षेकडे वळतात, हे खरे असले तरी पोस्टर कलरची कड न फाटू देता ब्रश चालवणे, दोन गडद आकारांमधली पांढरी जागा हाही एक आकारच आहे हे ओळखणे आणि तोच आकार पुन्हापुन्हा आल्याने लय कशी तयार होते हे पाहणे, एवढे शिक्षण गावातल्या चित्रकला शिक्षकाच्या हाताखाली होऊन जाते, आणि ते लहान नाही.

संकल्पचित्राला मात्र वाचक नसतो. तो चौकोन कोणासाठी भरला, तो कोठे लावायचा, त्यातून कोणाला काय कळायला हवे, हे प्रश्न तेथे उद्भवत नाहीत. आकार सुंदर भरला की काम पूर्ण होते. महाविद्यालयात गेल्यावर वर्गप्रकल्पाची रीत याच ठिकाणी उलटते, कारण तेथे आधी वाचणारा ठरतो आणि मग चौकोन ठरतो. शाळेत हुशार ठरलेले अनेक विद्यार्थी पहिल्या वर्षात गोंधळतात त्याचे मूळ हाताच्या कमकुवतपणात क्वचितच असते; त्यांच्या हाताला सवय असलेला क्रम येथे चालत नाही, हे त्याचे खरे कारण आहे.

हे शिक्षण महाराष्ट्रात ज्या नावाने ओळखले जाते ते नाव ‘उपयोजित कला’. मुंबईत १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर ज. जी. कलाशाळेत १९३५ मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग उघडला गेला, व्ही. एन. आडारकरांनी तो घडवला आणि १९६१ मध्ये त्याची स्वतंत्र उपयोजित कला संस्था झाली. वऱ्हाडातल्या विद्यार्थ्यासमोर शासकीय संस्थांपैकी एक वाट असते ती नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयाची. राज्याच्या प्रवेश परीक्षेतून चार वर्षांच्या पदवीला जागा मिळते आणि त्यातले पहिले वर्ष पायाभूत असते, म्हणजे त्यात रेषा, आकार, रंग, पोत आणि घनाकार यांचा पुढच्या शाखेचा विचार न करता अभ्यास करून घेतला जातो. आधी पाया आणि मग धंदा, ही कल्पना जर्मनीत १९१९ मध्ये स्थापन झालेल्या बाउहाउस या शाळेच्या प्राथमिक वर्गातून जगभरच्या कलाशाळांत पसरली. आपल्याकडे तिच्यात आणखी एक धागा मिसळला. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला जो अहवाल दिला, ज्याच्या आधारे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, त्यात त्यांनी भारतीय डिझाइनचा उत्तम नमुना म्हणून निवडला तो घरातला लोटा. तो कमरेवर कसा बसतो, भरल्यावर तोल कोठे जातो, पाणी ओतताना धार कशी पडते, आत हात घालून घासता येतो का, किंमत किती पडते, अशा प्रश्नांच्या मालिकेतून त्यांनी तो पाहिला. वस्तूकडे असे प्रश्न घेऊन जाणे हीच वर्गप्रकल्पाची पहिली पायरी असते, आणि मुंबईच्या आयआयटीत १९६९ मध्ये सुरू झालेल्या औद्योगिक डिझाइन केंद्रासारख्या संस्थांतही शिक्षणाची घडण याच अंगाने झाली.

प्रकल्पाचा बाह्य क्रम थोडक्यात सांगता येतो. शिक्षक ‘ब्रीफ’ देतात, म्हणजे काय करायचे, कोणासाठी आणि कोणत्या बंधनांत, हे लेखी सांगतात. विद्यार्थी माहिती आणि नमुने गोळा करतो. मग काड्यापेटीएवढ्या चौकटींत झटपट आराखडे काढतो, ज्यांना ‘थंबनेल’ म्हणतात. त्यांतले दोन-तीन निवडून मोठ्या आकारात ‘रफ’ करतो. शेवटी ‘फायनल’ तयार होते, ते माउंटबोर्डावर चढते आणि ‘सबमिशन’च्या दिवशी भिंतीवर लागते. हा क्रम कोणत्याही महाविद्यालयात थोड्याफार फरकाने सारखाच असतो आणि तो पाठ केल्याने कोणी डिझाइनर होत नाही. त्या पायऱ्यांवर प्रत्यक्षात काय घडते हे पाहायचे तर एखादा विशिष्ट विषय हाती घ्यावा लागतो, आणि तेल्हाऱ्याच्या विद्यार्थ्यासाठी गावाच्या नावाइतका योग्य पहिला विषय दुसरा नाही.

‘आपल्या गावाचे नाव अक्षररूपात मांडा’ हा सुलेखनाच्या आणि अक्षररचनेच्या वर्गातला नेहमीचा प्रकल्प आहे. त्यावर पहिल्या दिवशी सुचणारे उत्तरही बहुधा नेहमीचेच असते. नावात ‘तेल’ आहे म्हणून मात्रेच्या जागी तेलाचा थेंब येतो, किंवा परिसर कापसाचा म्हणून रा च्या काठावर बोंड फुटते. थेंबाने वाचणारा तेलाच्या घाण्याकडे जातो, ज्याच्याशी आजच्या गावाच्या जगण्याचा फारसा संबंध नाही, आणि बोंड विदर्भातल्या कोणत्याही गावाला तितकेच शोभते. शिक्षक ही चित्रे बाजूला ठेवायला सांगतात आणि नुसते अक्षर पाहायला लावतात, तेव्हा त्या शब्दाची स्वतःची रचना दिसू लागते.

‘तेल्हारा’ या शब्दात उभ्या रेषा तीनच आहेत: त चा दंड, हा चा काना आणि रा चा काना. ह आणि र या दोन्ही अक्षरांना स्वतःचा दंड नसल्यामुळे त्यांची वळणे शिरोरेषेखाली लोंबकळतात आणि त्यांना आधार मिळतो तो पुढच्या कान्याचा. शिरोरेषेच्या वर एकच मात्रा आहे, तीही अगदी डावीकडे, आणि खाली उकार एकही नाही. त्यामुळे शब्दाचे वरचे वजन सुरुवातीलाच येऊन पडते आणि उजवी बाजू मोकळी राहते. हे लक्षात आलेला विद्यार्थी मात्रेची लांबी, तिचा कल आणि शेवटच्या कान्याचा शेवट यांचा एकमेकांशी तोल लावू लागतो, आणि थेंब किंवा बोंड काढण्यापेक्षा ते काम अधिक अवघड असते. दुसरा प्रश्न ल्ह या जोडाक्षराचा आहे. मराठी वळणाचा ल दोन पाकळ्यांचा असतो, त्याला उजवीकडे दंड नसतो, तर हिंदी वळणाच्या ल ला तो असतो. राज्य शासनाच्या २०२२ च्या निर्णयानेही मराठीसाठी पाकळीयुक्त ल च धरला आहे. दंडाचा ल अर्धा करायचा तर दंड काढून टाकला की झाले, पण पाकळीच्या ल चा कोणता भाग ठेवायचा आणि तो ह ला कोठे टेकवायचा, हे हाताने काढणाऱ्याला दर वेळी ठरवावे लागते. विद्यार्थ्याने या एका जोडाक्षराचे तीस-चाळीस आराखडे केले तरी ते जास्त होत नाहीत.

शब्दाला विभक्ती लागली की खरा कस लागतो. ‘तेल्हाऱ्याचा’ या रूपात र आणि य यांच्या जोडणीत जो अर्धा र येतो, कोयरीच्या देठासारखा य ला डावीकडून चिकटणारा, तो मराठीच्या लेखनाचे वैशिष्ट्य आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द व्याकरणाच्या वर्गात सांगितले जातात ते याच फरकासाठी: पहिल्यात रफार आहे, त्याने आधीच्या अक्षरावर आघात येतो आणि अर्थ ‘गुरूंना’ होतो, दुसऱ्यात तो आघात नाही आणि अर्थ ‘स्वयंपाक्यांना’ होतो. संगणकावर हे अक्षर मिळवण्यासाठी युनिकोडच्या, म्हणजे जगातल्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीच्या, नियमानुसार नेहमीच्या र ऐवजी खाली टिंब असलेला ऱ टंकित करून त्याला हलन्त द्यावा लागतो. ही युक्ती ज्याला माहीत नाही त्याच्या फ्लेक्सवर गावाचे नाव ‘तेल्हार्याचा’ असे उमटते, आणि बोलताना कधीही न होणारी चूक भिंतीवर दहा फूट लांबीची होऊन बसते. वऱ्हाडात हे अक्षर टाळून पुढे जाताच येत नाही, कारण खुद्द ‘वऱ्हाड’ शब्दात ते आहे, ‘पऱ्हाटी’त, म्हणजे कापसाच्या झाडाच्या स्थानिक नावात आहे, आणि शेतीशी संबंधित प्रत्येक छापील कागदावर येणाऱ्या ‘शेतकऱ्याने’, ‘शेतकऱ्यांसाठी’ या शब्दांतही आहे. एखादा टंक, म्हणजे एका घडणीच्या अक्षरांचा संच, वऱ्हाडातल्या कामासाठी निवडताना विद्यार्थ्याने आधी हे चार शब्द त्यात लिहून पाहावेत. बाकीचे सौंदर्य त्यानंतर तपासावे.

अशा प्रश्नांवर आयुष्य घालवलेली माणसे मराठीत होऊन गेली आहेत आणि त्यांचे काम वर्गात समोर ठेवले जाते. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी जाहिरातक्षेत्रातून औद्योगिक डिझाइन केंद्रात येऊन सुलेखन आणि अक्षररचना शिकवली, आणि पुढे विंडोज २००० बरोबर घरोघरच्या संगणकांत पोहोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक घडवला. आज सरकारी कागदपत्रांत दिसणारी कितीतरी मराठी त्यांनी रेखलेल्या अक्षरांतच छापलेली असते. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांच्या वृत्तपत्रीय जाहिरातींसाठी शीर्षके रेखाटली, ज्यांत नाटकाचा स्वभाव अक्षराच्या जाडीत, वळणात आणि तोडण्यात उतरतो. चित्राचा आधार न घेता केवळ अक्षराने अर्थ कसा सांगावा याचा त्याहून चांगला धडा मराठी विद्यार्थ्याला मिळणार नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने घडवलेले ‘बलू’ आणि ‘मुक्त’ हे टंक खुल्या परवान्याखाली विनामूल्य मिळतात, त्यामुळे तालुक्याच्या गावी डीटीपीचे दुकान चालवणाऱ्यालाही चोरीच्या टंकांवर अवलंबून राहण्याचे कारण उरलेले नाही.

नमुने गोळा करण्याच्या पायरीवर विद्यार्थ्याला गावच उपयोगी पडते, आणि या टप्प्याला वर्गात जितका वेळ मिळतो त्याहून जास्त मिळायला हवा. पेंटरने रंगवलेल्या दुकानांच्या पाट्या, एसटीच्या फलकावरची गावांची नावे, सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंग कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या १७० किलोच्या रुईगाठींवर उमटवलेली खूण आणि क्रमांक, हे सगळे अक्षरकामच आहे. गाठीवरची खूण बहुधा स्टेन्सिलने, म्हणजे कापलेल्या पत्र्यातून रंग मारून उमटवतात, आणि कापलेल्या पत्र्यात शून्याच्या पोटातला भाग गळून पडू नये म्हणून त्याला बारीक पूल ठेवावे लागतात; अक्षराचा आकार साधनामुळे कसा बदलतो हे पुस्तकापेक्षा गाठीवर लवकर कळते. त्याच फेरीत कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर रंगाला कायद्याने दिलेला अर्थ पाहायला मिळतो. बियाण्याच्या पिशवीला निळे लेबल असेल तर ते प्रमाणित बियाणे, पांढरे असेल तर पायाभूत, फिकट हिरवे असेल तर उत्पादकाने स्वतःच्या हमीवर विकलेले सत्यप्रत बियाणे. ज्याला हे माहीत आहे त्याला पिशवी दुरूनही ओळखता येते. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी तो केवळ एक रंगीत कागद असतो.

दुसऱ्या, मोठ्या प्रकल्पाचा विषय याच काउंटरवर सापडतो. २०१७ च्या कापूस हंगामात वऱ्हाडातल्याच यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यामागे अनेक कारणे होती: उंच वाढलेली पऱ्हाटी, औषधांची मिश्रणे, संरक्षक कपड्यांचा अभाव. केवळ लेबल चांगले असते तर ते मृत्यू टळले असते असे म्हणणे खोटे ठरेल. तरी बाटलीवर लिहिलेले फवारणाऱ्याला वाचता येते का, हा प्रश्न ग्राफिक डिझाइनचा आहे आणि तो वऱ्हाडातल्या विद्यार्थ्याने घ्यावा असाच आहे.

कीटकनाशक नियम, १९७१ नुसार प्रत्येक लेबलावर ४५ अंशांत तिरका ठेवलेला एक चौकोन असतो. त्याचे दोन त्रिकोण पडतात: खालच्या त्रिकोणाचा रंग विषारीपणाची पायरी सांगतो, लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्यानंतर पिवळा, मग निळा आणि सर्वांत कमी विषारीसाठी हिरवा, वरच्या त्रिकोणात इशाऱ्याचे शब्द असतात आणि लाल वर्गासाठी कवटी व हाडांचे चिन्हही असते. हा चौकोन लेबलाच्या दर्शनी क्षेत्रफळाच्या किमान एक सोळांश असावा लागतो. विद्यार्थ्याने हे गणित करून पाहिले की नियमाचा अर्थ डोळ्यांना दिसतो: सहा सेंटिमीटर लांब आणि तेवढ्याच रुंद लेबलावर एक सोळांश म्हणजे सव्वादोन चौरस सेंटिमीटर, म्हणजेच दीड सेंटिमीटर बाजूचा चौकोन, आणि कवटी व शब्द यांच्या वाट्याला येतो त्याचा अर्धा भाग. रंगांची भाषाही तपासावी लागते. लाल म्हणजे धोका हे सर्वांना कळते, पण पिवळ्यापेक्षा निळा कमी विषारी हे कोणत्याही अनुभवातून आपोआप कळत नाही, आणि हिरवा रंग तर शेतात पिकाचा, भरभराटीचा रंग आहे, त्यामुळे ‘थोडे विषारी’ऐवजी ‘निर्धोक’ असा अर्थ लावला जाण्याची भीती राहते. शिवाय लाल आणि हिरवा यांत ज्या पुरुषांना जन्मतः फरक दिसत नाही त्यांच्यासाठी केवळ रंगावर सोपवलेला इशारा पोहोचतच नाही.

येथे विद्यार्थ्याला पहिले मोठे बंधन भेटते. लेबलावरचा आणि सोबतच्या पत्रकावरचा मजकूर नोंदणी करणाऱ्या समितीने मंजूर केलेला असतो, तो बदलण्याचा अधिकार डिझाइनरला नाही. वर्गात अनेक जण हे बंधन विसरून स्वतःच्या कल्पनेची देखणी बाटली काढतात. ती भिंतीवर छान दिसते आणि कधीच छापली जाणार नाही. बंधन मान्य करणारा विद्यार्थी वेगळी जागा शोधतो: काउंटरवर बाटलीबरोबर हातात द्यायचे, तळहातावर मावणारे एक कार्ड. आता आशय ठरवायचा, आणि येथे मोठी अडचण मापाची असल्याचे दिसते. मंजूर मजकुरात मात्रा हेक्टरी दिलेली असते, शेतकरी विचार करतो एकराचा, आणि पाठीवर असतो पंधरा-सोळा लिटरचा पंप. हेक्टरी पाचशे लिटर पाण्यात पाचशे मिलिलिटर औषध, असे उदाहरण घेतले, तर लिटरला एक मिलिलिटर आणि पंधरा लिटरच्या पंपाला पंधरा मिलिलिटर, हा हिशेब बांधावर उभे राहून करण्याचे काम छापणाऱ्याने वाचणाऱ्यावर सोडलेले असते. कार्डाने तो हिशेब आधीच करून दिला तर त्याचे अर्धे काम झाले.

हा हिशेब चित्रात कसा दाखवायचा याला जुना आधार आहे. व्हिएन्नात १९२५ मध्ये ओटो नॉयरात यांनी सामान्य नागरिकांना आकडेवारी समजावी म्हणून एक संग्रहालय सुरू केले आणि तेथे चिन्हचित्रांची जी पद्धत घडली तिचा मूळ नियम असा होता की अधिक संख्या दाखवायची तर चिन्ह मोठे करायचे नाही, तेच चिन्ह अधिक वेळा काढायचे. पाच मिलिलिटरच्या मापाचे झाकण असेल तर एका पंपाशेजारी तीन झाकणे काढली की पंधरा मिलिलिटर वाचता न येणाऱ्यालाही मोजता येतात. एकच मोठे झाकण काढले तर ते नेमके किती, हे कोणालाच कळत नाही. हातमोजे, तोंडावरचे आवरण, हात धुणे यांची चिन्हे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने कीटकनाशक उत्पादकांच्या संघटनेबरोबर १९८० च्या दशकात तयार केली आहेत, ती नव्याने शोधण्याची गरज नाही, मात्र त्यांतला माणूस वऱ्हाडातल्या उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून फवारणाऱ्यासारखा दिसतो का, हा प्रश्न विचारण्याची गरज आहे.

रफ तयार झाले की ते पुन्हा काउंटरवर न्यायचे असते, आणि वर्गप्रकल्पात हीच पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. ‘आवडले का?’ या प्रश्नाला कोणीही सौजन्याने होय म्हणतो, म्हणून तो विचारायचा नसतो. कार्ड काही क्षण दाखवून बाजूला ठेवायचे आणि ‘एका पंपात किती टाकाल?’ एवढेच विचारायचे. उत्तर चुकले तर कार्ड चुकले, वाचणारा नव्हे. विद्यार्थ्याच्या प्रक्रियावहीत, म्हणजे सबमिशनबरोबर द्यायच्या कामाच्या नोंदींत, ही चुकलेली उत्तरे आणि त्यांमुळे बदललेले आराखडे जितके दिसतात तितका तो प्रकल्प शिक्षकांना वाचता येतो. केवळ स्वच्छ फायनल पाहून विद्यार्थी काय शिकला हे सांगता येत नाही. ‘ज्युरी’ला, म्हणजे काम तपासायला, बाहेरून बोलावलेल्या तज्ज्ञांबरोबर एखादा कृषी सेवा केंद्र चालवणारा बसवला तर गुणदानाची मोजपट्टीच बदलेल, आणि ती बदलायला हवी.

छपाईत आणखी एक गोष्ट उघड होते. पडद्यावर लाल, हिरवा, निळा या प्रकाशांतून दिसणारा रंग कागदावर सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चार शाईंतून उतरताना मळकट होतो, हे विद्यार्थ्याला पुस्तकातून माहीत असते. पण स्वस्त कागदावर शाई पसरते आणि बारीक अक्षरांची पोटे भरून जातात, हे पहिली प्रत हातात आल्यावरच दिसते. तळहातावर मावणाऱ्या कार्डावर ‘शेतकऱ्याने’ हा शब्द छापला की सर्वांत आधी बुजतो तो अर्धा र: त्याची कमान आणि य चे वळण यांच्यामधली फट शाईने भरते आणि तेथे केवळ एक काळा गोळा उरतो. मग पहिल्या वर्षी गावाचे नाव काढताना जमवलेले ते जुने आराखडे पुन्हा बाहेर काढावे लागतात, अर्ध्या र चा देठ थोडा लांबवावा लागतो, त्याची जाडी कमी करून फट केसभर रुंद करावी लागते, आणि त्याच कागदावर दुसरी प्रत काढून ती पुन्हा काउंटरवर नेऊन वाचून घ्यावी लागते.